मेक्सिकोवालीचं कुंकू

कुंदे,

सकाळपासून तिसऱ्यांदा ओला फडका हातात घेऊन तू काढलेल्या चित्रासमोर उभा राहिलो, आणि तिसऱ्यांदा फडका बादलीत टाकून अंगणात आलो. आज तुला जाऊन बावीस दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे गेले. शाळेला उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या आहेत, म्हणून पवनीच्या खोलीला कुलूप घालून मी इथे गावात, आईजवळ राहिलो आहे. आई पुढच्या सपरीत, ओसरीवर, तांदूळ निवडत बसते आणि मी आतबाहेर करतो. "एका जागी बस न रे," ती म्हणते. बसतो. परत उठतो.

चित्रातल्या बाईच्या कपाळावरचं कुंकू मला पुसायचं होतं. ते मी लावलेलं. सगळ्या चित्रात तेवढी एकच गोष्ट माझ्या हातची, आणि ती कशासाठी लावली हे मी तुला पाच वर्षांत सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खोटं बोललो असतो.

तू म्हणाली असतीस, "भाऊ, मास्तरासारखा पहिलेपासून सांग." बरं, तसं सांगतो.

आपले बाबा नाटकाचे पडदे रंगवायचे. दिवाळी सरली की आपल्या भागात गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. जंगल, राजवाडा, रस्ता, असे तीन पडदे प्रत्येक मंडळाला लागायचे. घराच्या मागच्या मांडवात कापड ताणलेलं असायचं आणि चुलीवर रंग धरून ठेवणारा चिकट सरस. तो रात्रभर भिजवायचा, सकाळी मंद आचेवर तापवायचा, त्यात रंगाची भुकटी कालवायची. फक्त उकळू द्यायचा नाही. उकळला की त्याचा जोर जातो, आणि असला रंग पहिल्या पावसाळ्याच्या ओलीनेच भुगा होऊन गळतो. मला ते कधी जमलं नाही. मी आच वाढवायचो. बाबा सगळ्यांसमोर म्हणायचे, "हा सरस नाही तापवत, भात शिजवते. याचा राजवाडा पुढच्या मंडईपर्यंत राहत नाही." तू तोंडावर हात ठेवून हसायचीस.

तुझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. शाळेत जाणं जमेल तेवढं जमलं, बाकीचा वेळ तू मांडवात. पंधराव्या वर्षी तू राजवाड्याचे खांब असे काढायचीस की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, उठून सरळ आत चालत जावं. मी नागपूरला जाऊन चित्रकलेचा कोर्स केला, मला नोकरी लागली, लोक मला 'ड्रॉइंगचे सर' म्हणू लागले. हात कोणाचा होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यात आधी मला माहीत झालं होतं.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तुझा नागपूरच्या त्याच कोर्सचा अर्ज मीच भरला होता, यावर विश्वास ठेव. मनापासून भरला होता. त्या वर्षी नवी तुकडी उशिरा निघणार होती आणि निवडीची परीक्षा दिवाळीनंतर होती. बोलावण्याचं पत्र माझ्या शाळेच्या पत्त्यावर आलं. परीक्षेला आठ दिवस होते. तुला एकटीला पाठवायचा प्रश्नच नव्हता, मीच घेऊन जाणार होतो. आणि परीक्षेचा दिवस पडला होता नेमका कोंढ्याच्या मंडईच्या आदल्या दिवशी. जंगल झालं होतं, रस्ता झाला होता, राजवाडा अर्धा राहिला होता. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पुरता उतरला होता. ते हाताने कापड चाचपायचे आणि विचारायचे, "खांब आले का वं कुंदे?" मंडळाचा मॅनेजर रोज सायकलने यायचा आणि मांडवात पाय पसरून बसायचा. "कुंदाबाई, पडदा नाही पोचला त आमचा राजा का वावरात बसवू का?"

मी पत्र हजेरीपटात ठेवलं. एका दिवसासाठी ठेवलं होतं. उद्या सांगू, परवा सांगू. मनात म्हटलं, तू गेलीस तर राजवाडा मला पुरा करावा लागेल, आणि तो सगळ्या मंडईसमोर उभा राहील. लोक म्हणतील, हा मास्तरचा, आणि तो आधी लोंबेल, मग गळेल. बाबांची अब्रू जाईल, असं मी स्वतःला सांगत होतो. पण भीती माझ्या अब्रूची होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मंडईनंतर तीन दिवसांनी पत्र तुझ्या हातात दिलं. म्हणालो, "पोस्टाचा गोंधळ पाह्य. आज आलं."

तू पाकीट उघडलंस, वाचलंस. मग पालथं केलंस. पाकिटाच्या मागे आपल्याकडच्या पोस्टाचा गोल ठप्पा असतो, पत्र पोचल्याच्या तारखेचा. तो मी आधीच थुंकी लावून अंगठ्याने घासला होता. तुला आठवतं का, तू काय म्हणालीस? मला आठवतं. "जाऊ दे न भाऊ. राजवाडा त चांगला दिसला न?" एवढं म्हणून तू कुबडी घेतलीस आणि ब्रश धुवायला गेलीस.

पुढच्या वर्षी बाबांना दिसणं पूर्ण बंद झालं. मग सगळेच पडदे तुझ्याकडे आले. नागपूर हा शब्द आपल्या घरात परत निघाला नाही.

बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी तू ओल्या अंगणात घसरलीस. मांडीचं हाड मोडलं, तीन महिने प्लॅस्टरमध्ये खाटेवर उताणी. तू कुरकुर केली नाहीस, पण छपराच्या कवेलूंकडे बघत राहायचीस, आणि ते मला बघवत नव्हतं. नागपूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक परदेशी मासिक सापडलं, अर्धी पानं फाटलेली. त्यात एका मेक्सिकोच्या चित्रकार बाईवर लेख होता. तिचाही पाय लहानपणी अधू झालेला, मग बसच्या अपघातात पाठीचा कणा मोडलेला, महिनोन्‌महिने अंथरुणात. पलंगावर आरसा टांगून ती स्वतःचीच चित्रं काढायची. मी मासिक घेतलं ते तुझ्यासाठी. आणि खरं सांगू? माझ्यासाठीही घेतलं. वाटलं, एवढंतरी नागपूरहून तुला आणून द्यावं.

मी शब्दकोश घेऊन बसायचो आणि तुला एकेक वाक्य मराठीत सांगायचो. तिचं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. तू तिला मेक्सिकोवाली म्हणायचीस, जशी आपण भंडारावाली आत्या म्हणतो. म्हणून मीही इथे नाव लिहीत नाही. "मेक्सिकोवालीच्या भिवया जुळल्या आहेत पाह्य," तू म्हणालीस. मी सांगितलं, लेखात लिहिलं आहे की तिच्या भिवया म्हणजे पंख पसरलेला पक्षी, गळ्यातले काटे म्हणजे तिचं दुखणं. आणि हेही मीच वाचून दाखवलं, की जे मनातून जात नाही ते ती आपल्या कपाळावर काढायची. एका चित्रात तिने नवऱ्याचा चेहरा कपाळावर काढला होता. "बाई मोठी बिनधास्त होती बापा," तू म्हणालीस आणि बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून पडून राहिलीस.

प्लॅस्टर निघाल्यावर तू जुन्या पडद्याचा तुकडा मागवलास आणि तिचं चित्र काढायला घेतलंस. मी दर रविवारी पवनीहून यायचो आणि तुझ्यामागे उभा राहून अर्थ काढायचो. तुला त्याचा कंटाळा यायचा, आणि मी थांबायचो नाही.

तिच्या भिवयांच्या जागी तू कोतवाल काढलास, आपल्या तारेवर बसतो तो काळा, दुभंगल्या शेपटीचा. पंख पसरून तो दोन्ही डोळ्यांवर बसला होता. तिचा कणा म्हणजे पडदा गुंडाळायचा बांबू, मधोमध चिरलेला, सुतळीने आवळलेला. पायाला माझ्या ओळखीचे, तुझ्याच पायाचे चामडी पट्टे, आणि पट्ट्यांखाली बोटं नाहीत, तर रोवणीच्या वेळी चिखलात खोचतात तशी धानाची रोपं. गळ्यात काट्यांऐवजी कोशांची माळ, आपल्याकडच्या रेशमाचे कोसे. एक सोडून सगळे बंद.

"हा फुटका कोसा म्हणजे तू का?" मी विचारलं.

"कोसा म्हणजे कोसा, भाऊ. त्यातला किडा उडून गेला, बस."

"कुठं गेला?"

"मले काय मालूम? पत्ता देऊन गेला का तो?"

"पण प्रत्येक गोष्टीचा काही अर्थ असतो, कुंदे. चित्र असंच होत नसते."

"तुले अर्थ पाहिजे त तू लिहून ठेव न मागच्या बाजूले. मले रंगवू दे."

हा वाद आपला राहून गेला. बंद कोसे उकळतात, म्हणून त्यांचा धागा अखंड निघतो. उडून जायला मिळालेल्याचा धागा तुटका असतो. मला अजून वाटतं की तुला हे म्हणायचं होतं. आणि अजून ऐकू येतं की तू म्हणते आहेस, "हं, झाली सुरू मास्तरगिरी."

मग एका रविवारी आलो तर चित्र पूर्ण झालं होतं. तू न्हाणीघरात होतीस. मी एकटाच चित्रासमोर उभा होतो.

तिच्या कपाळावर काळा गोल होता. पहिल्यांदा वाटलं, गोंदण आहे. जवळ गेलो. गोलाच्या आत आडवी रेघ, रेघेवर आकडे. डावीकडचा आकडा स्पष्ट, आणि उजवीकडे सगळं फरपटलेलं. तो शिंतोडा नव्हता, हात चुकलेला नव्हता. तो ओल्या अंगठ्याने ओढलेला डाग होता, आणि तू तो बारीक ब्रशने, एकेक रेषा मोजून, जसाच्या तसा काढला होतास. आठ वर्षांनी.

तू बाहेर आलीस, केस पुसत. मी म्हटलं, "कपाळावर हे काय?"

तू म्हणालीस, "काहीतरी पाहिजे न तिच्या कपाळावर."

बस. हीच वेळ होती. तू दार उघडं ठेवलं होतंस आणि मी म्हणालो, "चहा टाक."

जानेवारीत शाळेच्या संमेलनात मी चित्र मांडायला नेलं. तूच म्हणालीस, ने. मंडपामागे मी एकटा होतो, शाळेच्या स्टोव्हवर सरस घाईघाईने उकळला, लाल भुकटी कालवली आणि त्या ठप्प्यावर रुपयाएवढं कुंकू लावलं. शंभर पडद्यांच्या घरातला माणूस मी. मला ठाऊक होतं की दुसऱ्याच्या पडद्यावर ब्रश लावायचा नसतो. बाबांनी तर स्वतःचे डोळे शाबूत असतानासुद्धा तुझ्या पडद्याला कधी हात लावला नव्हता.

लोकांना कुंकूच आवडलं. हेडमास्तर म्हणाले, "वा सर, परदेशी बाईला अगदी आपल्या घरची लेक करून टाकलं!" बाया थांबून पाहत होत्या. तू बैलगाडीतून आईबरोबर आलीस. कुबडीवर रेलून चित्रापुढे उभी राहिलीस, आणि मी तुझ्याकडे न बघता मुलांच्या चित्रांच्या पिना नीट करत राहिलो. मग तुझा आवाज आला.

"गोल चांगला जमला, भाऊ." मग कुबडी सावरत, "सरस पातळ झाला मात्र."

त्यानंतर चित्र इथे मधल्या खोलीत लागलं. पाच वर्षं मी दर रविवारी त्याच्यापुढे बसून जेवलो. माळ पाहिली, बांबू पाहिला, रोपं पाहिली. कोतवालाच्या वर माझी नजर गेली नाही.

आता आजचं.

तुझी ट्रंक मी आल्या दिवसापासून दोनदा उपसली. ते पाकीट शोधत होतो. नाही सापडलं. म्हणजे ती तारीख जगात फक्त एकाच ठिकाणी उरली आहे, आणि त्यावर माझं कुंकू आहे. म्हणून फडका. पण तुझाही रंग सरसातलाच. जोरात पुसलं तर कुंकवाबरोबर ठप्पाही जाईल, आणि मग मी दुसऱ्यांदा तेच केलेलं असेल, ओल्या हाताने. या भीतीने सकाळपासून येरझारा चालल्या होत्या. शेवटी फडका ठेवला आणि नुसतं बोट ओलं करून कुंकवाला लावलं. माझा कच्चा रंग, भुकटी बोटाला यायला हवी होती. काही आलं नाही. परत लावलं. बोट कोरडंच वाटावं इतकं स्वच्छ.

"काय करून राहिला रे तिथं?" दारातून आई.

"कुंकू पुसून पाहत होतो. मी लावलेलं."

"तुहं कायचं? तुहा रंग त पहिल्याच अखाडीत गळला. भुगा पडला होता खाली, मीच झाडला."

"मग हे?"

"कुंदीचं होये ते. दर साल लावे. पानी सुरू झालं का करवंटीत सरस घेऊन बसे. म्हने, खाली भाऊचा कच्चा थर थोडा राहूनच गेला, वरचा कसा धरन? दर अखाडीले सुटे, दर अखाडीले लावे."

"तू विचारलं नाही, काहून लावते म्हणून?"

"इचारलं न. म्हनलं, कायले घोर घेतं वं, राहू दे त्या बाईचं कपाळ मोकळं. त म्हने, राहू दे आई, भाऊ येते न रविवारी. त्याले दिसन त त्याच्या घशाखाली घास नाही उतरनार."

कुंदे, मला आधी तुझा राग आला. पाच पावसाळे तू तो ठप्पा उघडा झालेला पाहिलास, आणि पाच वेळा स्वतःच्या हाताने झाकलास. एकदा, फक्त एकदा उघडा ठेवला असतास! मी रविवारी आलो असतो, पाहिला असता, आणि बोललो असतो. बोललो असतो का? मला माहीत नाही. तुला माहीत होतं, म्हणून तू सरस तापवायला बसायचीस. माझ्या कच्च्या रंगावर तुझा पक्का रंग. आणि मी बाहेर हात धुऊन त्या चित्रासमोरच जेवायला बसायचो आणि म्हणायचो, "आज भाजी मस्त झाली."

"खाली काय होतं, पाहिलं तू?" मी आईला विचारलं.

"पाहिलं न. पोस्टाचा ठप्पा. आता मले आकडे वाचता येते का बापा?"

ती परत सपरीत जाऊन बसली. मी अंगणात गेलो, विहिरीपर्यंत जाऊन आलो, परत आलो. मग तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. पत्र परीक्षेच्या आठ दिवस आधी आलं होतं. हजेरीपटात होतं. ठप्पा मी पुसला. सगळं सांगितलं, मॅनेजर, राजवाडा, बाबा, माझी भीती.

आईचा हात सुपात थांबला. मला वाटलं, रडेल, किंवा बाबांचं नाव घेईल, किंवा म्हणेल, जाऊ दे. तिने एक खडा उचलून अंगणात टाकला.

"मंग हे तिले सांगाचं होतं," ती म्हणाली.

आणि ती परत निवडू लागली.

फडका मी वाळत घातला आहे. कुंकू पुसणार नाही. ते आता तुझं आहे, आणि दुसऱ्याच्या पडद्यावर हात चालवायचा नसतो. पण दीड महिन्यात पाणी सुरू होईल, भिंत ओलावेल, खालचा माझा थर सुटेल आणि तुझा रंग घेऊन गळेल. आईला वाटतं की आता दर अखाडीला मी लावीन. यंदा मी सरस भिजवणार नाही. चित्र तिथेच राहील, आणि जेवायला बसेन ते त्याच्याचसमोर. घरी येणारा कोणीही विचारेल की बाईच्या कपाळावर हे काळं काय आहे, तर तारखेसकट सांगेन. अंगठा कोणाचा तेही सांगेन. तू म्हणायचीस न, अर्थ पाहिजे तर मागच्या बाजूला लिहून ठेव. तेही केलं. आज दुपारी चित्र उतरवून मागच्या कोऱ्या कापडावर लिहिलं, पेन्सिलीने, कारण माझ्या रंगाचा भरवसा नाही.

एकच ओळ लिहिली. आपल्या बोलीत लिहिली, तुला शाळेतली भाषा आवडायची नाही म्हणून.

कुंदे, पत्र आठ दिवस पहिलेच आलं होतं. माह्याजवळ होतं.